शेरा क्रमांक एक

आमच्या नगरपालिकेत त्यांना सगळे शेरेताई म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं. पगारापासून पंपाच्या दुरुस्तीपर्यंत कोणत्याही बिलाचे पैसे देण्याआधी कागद त्यांच्या टेबलावरून जायचा, आणि जाताना समासात हिरव्या शाईचा एखादा शेरा घेऊन जायचा. त्यावरून पडलेलं नाव. एका नव्या टंकलेखकाने ते आडनाव समजून पाकिटावर ‘श्रीमती शेरे’ असं टाइप केलं. ताईंनी पाकीट घेतलं, आतलं पत्र वाचलं आणि वर लिहिलं, ‘नाव चूक, मजकूर बरोबर.’ मग ते आवक नोंदवहीत चढवायला दिलं.

मी तिथे कॅशियर होतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दाखल्यांची फी, लोक जे भरतील ते जाळीच्या खिडकीतून घ्यायचं, पावती फाडायची, शिक्का मारायचा. बावीस वर्षं ते काम केलं. आज पेन्शन खातोय ती त्यांच्यामुळे. कसं ते सांगतो.

ताईंचं पद अंतर्गत तपासनीस. वर्षातून एकदा वरचे ऑडिटवाले यायचे, सभागृहात पंधरा दिवस ठाण मांडून बसायचे आणि झालेल्या चुका काढायचे. चूक होण्याआधी पकडायची, हे ताईंचं काम. खोली जिन्याखाली. छत इतकं तिरपं की उंच माणूस आत आला की आपोआप वाकायचा. ‘ठेकेदारांसाठी मुद्दाम बांधलीय,’ असं आमचा शिपाई म्हणायचा.

त्यांची पहिली आठवण दिव्यांची आहे. एका रस्त्यावर चौदा दिवे बदलल्याचं बिल आलं होतं. ताईंनी ते दोन दिवस ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या यजमानांना घेऊन त्या रस्त्यावर फिरायला गेल्या. खांब निघाले अकरा. ठेकेदार तावातावाने आला, दाराशी वाकला आणि म्हणाला, “ताई, तीन दिव्यांसाठी एवढं?”

“एवढं म्हणजे केवढं? मी फक्त चालले. तुम्ही तीन खांब दाखवा, मी आत्ता सही करते.”

खांब काही त्याला दाखवता आले नाहीत. पण ताई कुठेही त्याला चोर म्हणाल्या नाहीत. कागदावर लिहिलं, ‘खांब अकरा, दिवे चौदा. खुलासा व्हावा.’ बस. आवाज चढवलेला त्यांना मी कधी ऐकला नाही.

विसाव्या वर्षी त्या टंकलेखक म्हणून लागल्या होत्या. हिशेबाची परीक्षा पास झाल्या चौतिसाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला, दोन मुलं पदरात असताना. यजमान एका लहान छापखान्यात बाइंडर. आम्ही सगळे त्यांना भाऊजीच म्हणायचो. अभ्यास घेतला तो सासूबाईंनी, आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बसायच्या आणि सुनेला नियम म्हणायला लावायच्या. सून अडखळली की म्हणायच्या, “अडखळलीस. म्हणजे येत नाही. परत म्हण.” ताई सांगायच्या, “आईंना एक शब्द कळत नव्हता, पण मी कुठे थाप मारतेय ते बरोब्बर कळायचं. ऑडिट मी त्यांच्याकडूनच शिकले.”

आता त्या वर्षाचं. ऑडिटवाले येऊन चार दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमाराला एक निवृत्त शिक्षिका माझ्या खिडकीशी आल्या. हातात थकबाकीची नोटीस आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात तीस वर्षांच्या पावत्या, वर्षवार दोऱ्याने बांधलेल्या.

“बाळा, मी घरपट्टी भरलीय,” त्या म्हणाल्या. “ही बघ पावती. मग नोटीस कशी?”

पावती आमचीच होती. कागद आमचा, छपाई आमची, वर माझ्या काउंटरचा शिक्का, आणि खाली माझ्यासारखीच गिचमिड सही. मी नंबर पाहिला, कॅशबुक काढलं. त्या नंबरची नोंद नव्हती. स्थळप्रतींची, म्हणजे आमच्याकडे राहणाऱ्या दुसऱ्या प्रतींची, पुस्तकं काढली. त्या नंबरचं पुस्तकच नव्हतं. तेवढ्यात ऑडिटवाल्यांपैकी एक जण पाणी प्यायला म्हणून बाहेर आला होता, तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता.

“हे पुस्तक कुठंय?” त्याने विचारलं.

मी भांडाराची नोंदवही मागवली. तिच्याप्रमाणे ते पुस्तक अजून भांडाराच्या कपाटात असायला हवं होतं, शेवटच्या गठ्ठ्यात, न उघडलेलं. कपाट उघडलं. गठ्ठा जागेवर होता, दोरी बांधलेली, कागद चिकटवलेला. सोडला, तर दहाच्या जागी आत नऊ पुस्तकं.

दुपारपर्यंत ही बातमी इमारतभर झाली. शिक्का माझा, सही माझ्यासारखी. लोकांना आणखी काय लागतं? मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावून चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. दहा वर्षं ज्यांच्या डब्यातला घास खाल्ला ते जिन्यात मला पाहून चपलेचा अंगठा नीट करायला लागले. घरी बायकोने फक्त विचारलं, “शिक्का कुलपात असतो ना?” शिक्का कुलपात नसायचा. जेवायला जाताना तो खिडकीच्या आत, टेबलावर पडलेला असायचा. कोण नेणार आहे, असं मला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी ताई माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

“मी तुमची बाजू घ्यायला आलेली नाही,” त्या म्हणाल्या. “काय झालं ते शोधायला आलेय. खरं तेवढं सांगा. शिक्का कुठे असायचा?”

मी सांगितलं.

“हे मी लिहिणार आहे,” त्या म्हणाल्या.

मला राग आला. मी म्हणालो, “ताई, मी आधीच बुडतोय आणि तुम्ही वरून दगड बांधताय.”

“हे लिहिलं नाही, तर माझ्या बाकीच्या लिहिण्यावर कोण विश्वास ठेवेल?” त्या म्हणाल्या, आणि निघून गेल्या. त्या दिवशी मला त्या अजिबात आवडल्या नाहीत, हेही इथे नमूद करतो.

मग त्यांनी थकबाकीदारांची यादी घेतली आणि चालायला सुरुवात केली. सहा दुपारी, उन्हातान्हात, घरोघर. दार उघडलं की एकच प्रश्न: “नोटीस आलीय, पण तुम्ही पैसे भरलेत का?” कोणी पावती पलंगाखालच्या पेटीतून काढली, कोणी घड्याळामागून. एका घरी कुत्रं अंगावर आलं, तर ताई कुंपणाबाहेर उभ्या राहिल्या आणि पावती काठीच्या टोकाला लावून घेतली. सहा दिवसांत त्याच हरवलेल्या पुस्तकातल्या एकतीस पावत्या त्यांना मिळाल्या. सगळ्या एकाच बाजूच्या वस्तीतल्या, बहुतेक म्हाताऱ्या किंवा एकट्या माणसांच्या.

“काउंटरवर कोण घेतं पैसे? जाळीतले साहेब?” त्या विचारायच्या.

“छे, काउंटरवर कशाला? ते घरी येतात ना. फार चांगले आहेत. माझा गुडघा दुखतो म्हणून स्वतः येतात.”

घरी येणारा माणूस एकच होता: आमचा वसुली कारकून. बोलायला लाघवी, सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करणारा. बिलं आणि नोटिसा घरोघर पोचवणं हे त्याचं काम; पैसे मात्र फक्त काउंटरवर घ्यायचे, असा नियम. नियम फळ्यावर होता. गुडघा दुखणाऱ्या माणसाला तो फळा कुठून दिसणार?

ताईंनी पावत्यांवरच्या तारखा हजेरीपटाशी ताडून पाहिल्या. एकतीसपैकी चार पावत्या अशा दिवसांच्या होत्या, जेव्हा मी लेकीच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी रजेवर होतो आणि काउंटर बंद होतं. त्या चार कागदांनी मला वाचवलं. वसुली कारकुनाला बोलावलं. सुरुवातीला तो हसला, मग ताईंनी एकतीस पावत्या एकेक करून त्याच्यापुढे ठेवल्या. बाराव्या पावतीला तो रडायला लागला. ताई थांबल्या, त्याला पाणी दिलं, आणि मग तेरावी ठेवली.

इथे गोष्ट संपली असं सगळ्यांना वाटलं. मी सुटलो, चोर सापडला, ऑडिटवाले खूश. पण एक प्रश्न राहिला होता: पुस्तक बाहेर गेलंच कसं?

छापखान्यातून गठ्ठे आणायला गाडीबरोबर गेला होता तो वसुली कारकूनच. गठ्ठे भांडारात आल्यावर मोजून घेणं आणि ‘दोनशे पुस्तके मिळाली’ अशी सही करणं, हे काम होतं अंतर्गत तपासनिसाचं. नोंदवहीत खाली हिरव्या शाईची सही होती.

मुख्याधिकारी तसे भले गृहस्थ. त्यांनी ताईंना आत बोलावलं, दार लोटून घेतलं. मी हजर व्हायच्या कागदावर सही घ्यायला तिथे उभा होतो, म्हणून मला हे ऐकायला मिळालं.

“ताई, तुमची बढती पुढच्या महिन्यात आहे,” ते म्हणाले. “उगाच हात दाखवून अवलक्षण करू नका. छापखान्यातून एक पुस्तक कमी आलं, असं लिहा. गठ्ठा बंदच होता. कोण विचारणार?”

ताईंनी पिशवीतून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. बोटभर कागद. “ही त्या गठ्ठ्यात होती, साहेब. आमच्या घरातले बाइंडर आहेत, त्यांना मी विचारलं, गठ्ठा कसा बांधतात. ते म्हणाले, बांधणारा माणूस आत मोजणीची चिठ्ठी टाकतो. यावर दहा नंबर लिहिलेत आणि खाली त्याचं आद्याक्षर आहे. गठ्ठ्यावरचा कागद मी त्यांना दाखवला, तो दोनदा चिकटवलाय. खाली जुनी खळ, वर नवीन. वाटेत उघडून परत बांधलाय.”

“मग?”

“मग त्या माणसाने दहाच बांधले होते. कमी आलं असं लिहिलं तर छापखान्याचा मालक त्याला विचारेल. त्याची नोकरी जाईल. मी वीस गठ्ठे मोजले, साहेब. पुस्तकं मोजली नाहीत. त्या दिवशी धाकट्याच्या शाळेत लवकर जायचं होतं. दोनशेवर सही केली.”

मुख्याधिकाऱ्यांनी चिठ्ठी उचलून दहाही नंबर वाचले. “तुम्हीच तुमच्यावर शेरा मारणार?”

“दुसऱ्या कोणी मारला असता तर बरं झालं असतं,” ताई म्हणाल्या. “पण माझं टेबल तपासायला कोणी नेमलेलंच नाही. तेही लिहिणार आहे.”

त्यांचा अहवाल मी पुढे पाहिला. चार पानांचा. शेरा क्रमांक एक: ‘पावती पुस्तके ताब्यात घेताना अंतर्गत तपासनिसांनी गठ्ठे मोजले, पुस्तके मोजली नाहीत. सही चुकीची आहे.’ शेरा क्रमांक दोन माझा: ‘काउंटरचा शिक्का उघड्यावर राहत असे.’ वसुली कारकून आला तो तिसऱ्या नंबरला. वरचा ऑडिटवाला, पंचवीस वर्षं हेच करणारा माणूस, ते वाचून चष्मा काढून बसला. म्हणाला, “मी आजवर लोकांकडून खुलासे काढलेत. आपण होऊन दिलेला हा पहिला.”

शिक्षा झाली. बढती एक वर्ष लांबली, एक वेतनवाढ गेली. ऑफिसात दोन तट पडले. काही म्हणाले, बाई खरी. काही म्हणाले, बाईला खरेपणाची खाज आहे. भाऊजींना मी भीत भीत विचारलं की घरी काय झालं. ते म्हणाले, “दोन दिवस मी बोललो नाही. आम्ही त्या पैशात स्वयंपाकघराचं छत करणार होतो. मग आई म्हणाली, ती अडखळली नाही ना सांगताना, मग झालं.” छत पुढच्या वर्षी झालं. तोवर एका कोपऱ्यात बादली होती.

वसुली कारकुनाची नोकरी गेली आणि पैसे हप्त्याने परत घ्यायचं ठरलं. त्याची बायको एकदा ताईंकडे आली, तिरप्या छताखाली उभी राहिली. ती भांडायला आलीय असं आम्हाला वाटलं. ती विचारायला आली होती की हप्ता किती महिन्यांचा, कारण नवरा घरी धड सांगत नव्हता. ताईंनी तिला बसवून एका कागदावर सगळे हप्ते तारखांसकट लिहून दिले आणि म्हणाल्या, “प्रत्येक वेळी पावती मागा. काउंटरवर. शिक्का बघून.” पुढची साडेतीन वर्षं ती बाई दर महिन्याला माझ्या खिडकीशी यायची. पावती हातात पडेपर्यंत हलायची नाही.

त्या वर्षानंतर ऑफिसात तीन गोष्टी बदलल्या. शिक्का कुलपात गेला आणि किल्ली माझ्या कमरेला. पुस्तकं दोघांनी मोजायची, आणि ज्याने आणली त्याने मोजायची नाही. तिसरी गोष्ट ताईंच्या डोक्यातली: दर महिन्याला यादीतली कोणतीही वीस घरं उचलायची आणि त्यांना साधं कार्ड टाकायचं, ‘आमच्या वहीप्रमाणे आपण इतके भरले आहेत. बरोबर आहे का?’ पहिल्या महिन्यात अकरा उत्तरं आली. त्यातली नऊ ‘बरोबर आहे’, एक ‘तुम्ही विचारलंत याबद्दल आभार’, आणि एकात गटाराची तक्रार. गटाराचं कार्ड ताईंनी आरोग्य विभागाला दिलं आणि आठवड्याने जाऊन गटार बघून आल्या.

मला त्यांचा राग कधी गेला ते नेमकं सांगता येणार नाही. शेरा क्रमांक दोन माझ्या सेवापुस्तकात कायमचा आहे. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी पेटी मिटवून घरी जाताना मी पूर्वीसारखा मागे वळून बघत नाही. पूर्वी नेहमी एक धाकधूक असायची: काही कमी निघालं तर लोक काय म्हणतील. आता लोक काय म्हणतील याला जागाच नव्हती. किल्ली, वही, मोजणी, तिन्ही वेगळ्या हातांत. मी हे ताईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “कुलूप चोरासाठी नसतंच हो. चोर तोडतोच. ते तुमच्यासाठी असतं, झोप लागावी म्हणून.” आणि पुढचं बिल ओढलं.

बढती झाली, तरी आणखी नऊ वर्षं ताई त्याच खोलीत होत्या. एका वर्षी वरच्या ऑडिटवाल्यांना काहीच सापडलं नाही. नवा तरुण अधिकारी ‘निरंक’ लिहायला निघाला, तर ताईंनी त्याला थांबवलं आणि पाण्याच्या मीटरच्या नोंदीतल्या दोन चुका स्वतःच काढून दिल्या. “काहीच नाही असं लिहिलंत तर पुढच्या वर्षी नीट बघणार नाही तुम्ही,” त्या म्हणाल्या. नगराध्यक्ष त्या दिवशी चांगलेच वैतागले होते. वर्तमानपत्राला द्यायची बातमी त्यांनी आधीच लिहून ठेवली होती.

निवृत्तीच्या दिवशी सभागृहात निरोपाचा कार्यक्रम चारला होता. फुलांचा गुच्छ आला, नगराध्यक्ष आले, मुलं आली, भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. सव्वाचार झाले, ताईंचा पत्ता नाही. मला बोलवायला धाडलं. जिन्याखालच्या खोलीत त्या आणि त्यांच्या जागी आलेली बाई जमिनीवर बसून फायली मोजत होत्या.

“एकशे बारा लिहिल्यात, एकशे अकरा भरतात,” ती नवी बाई घामाघूम होऊन म्हणाली. “मी म्हणते जाऊ द्या, मी करते सही. तुमच्यासाठी लोक खोळंबलेत.”

“माझ्यासाठी खोळंबलेत, तुमच्यासाठी नाही,” ताई म्हणाल्या. “उद्या ही फाईल तुमच्याकडे मागतील. परत पहिल्यापासून मोजा. मी कपाट बघते.” मग माझ्याकडे वळून, “त्यांना सांगा, तासभर लागेल.”

मी वर जाऊन तसं सांगितलं. नगराध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, सुस्कारा सोडला आणि सगळ्यांना चहा सांगितला. भाऊजी मात्र खुर्चीत आणखी आरामात टेकून बसले.

“लग्नाच्या नोंदणीला गेलो होतो,” ते शेजारच्याला सांगू लागले, “तेव्हा हिने अर्ज पाठपोट वाचला आणि माझ्या जन्मतारखेचा दाखला मागितला. रजिस्ट्रारने मागितला नव्हता, हिने मागितला. मी सायकलवर घरी जाऊन घेऊन आलो.”

चहा दोनदा झाला. सव्वापाचला फाईल सापडली, दुसऱ्या फायलीच्या पोटात गेलेली. ताई वर आल्या तेव्हा केसांत धूळ होती. भाऊजींनी उठून ती रुमालाने झटकली, आणि मग भाषणं सुरू झाली.